नेसलेलं लुगडं

जयवंताबाईंना मी फारसा ओळखत नव्हतो. त्यांचं माहेर कोणतं, त्यांना काय खायला आवडायचं, रागावल्या की काय करायच्या, यातलं मला काहीच सांगता येणार नाही. सगळ्या मिळून आमच्या पंधरा-वीस भेटी झाल्या असतील, आणि त्यातल्या निम्म्या कोर्टाच्या व्हरांड्यात. गेल्या महिन्यात त्यांच्या मुलीचं, शालूचं, पत्र आलं. आई गेली. आईच्या हाताची हकीगत पोरांसाठी लिहून ठेवा, ती नीट माहीत असलेले आता तुम्हीच उरलात, असं तिनं लिहिलं आहे. मी आयुष्यभर दुसऱ्यांचे अर्ज लिहिले. स्वतःहून असं कधी काही लिहिलेलं नाही. दोनदा कागद घेऊन बसलो आणि उठलो. आज लिहितो. कुठे चुकलं असेल तर शालूनं दुरुस्त करावं.

सत्तेचाळीस साल नुकतंच लागलं होतं. मी अकोल्याला भगवंतराव वकिलांकडे मुन्शी होतो. कामासाठी अकोटला जावं लागे, आणि परत येताना खुशालरावांची सर्व्हिस मोटार मिळे. खुशालरावांची ती एकुलती एक मोटार. लाकडी बांधणीची, खिडक्यांना काचा नाहीत, ऊन आलं की कॅनव्हासचे पडदे सोडायचे. सकाळच्या फेरीला अकोटच्या माळणी भाजीच्या आणि फुलांच्या टोपल्या घेऊन अकोल्याच्या बाजाराला निघत. जयवंताबाई त्यातल्याच. गावाबाहेर त्यांचा मक्त्यानं घेतलेला मळा होता, शेवंती आणि गुलछडीचा. त्यांचा नवरा देवीदास फुलं तोडायचा, बाई हार करायच्या. बसल्या जागी पायाच्या अंगठ्यात दोरा अडकवायचा आणि उजव्या हातानं गाठी मारत जायचं. मोटारीत बसूनसुद्धा त्यांचा हात चालू असे. अकोला येईपर्यंत चार हार होत.

त्यांचं माझ्याशी पहिलं बोलणं मला आठवतं. त्यांची टोपली माझ्या पायांपाशी होती.

"मुन्शीजी, पाय वर घ्या. देवाची फुलं हायत."

"टपावर का नाही ठेवत टोपली?"

"टपावर धूळ लागते. तुमाले चालत असन तं तुमी बसा टपावर."

सगळी मोटार हसली. मी पाय वर घेतले.

संक्रांतीच्या दोन दिवस आधी, बारा जानेवारीला, त्या उजव्या बाजूच्या खिडकीपाशी बसल्या होत्या आणि मी त्यांच्या पुढच्या बाकावर. कापसाचा हंगाम होता. चोहोटा गावाच्या अलीकडे अकोल्याच्या सरकी काढायच्या जिनाकडे निघालेल्या बैलगाड्यांची लांबच लांब रांग लागली होती. ड्रायव्हर पुंजाराम हॉर्न वाजवत रांगेच्या उजवीकडून मोटार पुढे काढू लागला. पुढे नाल्यावरची मोरी होती आणि तिथे रस्ता अरुंद झाला होता. उजवी चाकं खाली उतरली आणि मोटार त्या अंगावर आडवी झाली. माझ्या गळ्याजवळचं हाड मोडलं. जयवंताबाईंचा उजवा हात खिडकीची चौकट आणि नाल्याचा बांध यांच्यामध्ये सापडला.

आम्ही दोघंही अकोल्याच्या दवाखान्यात होतो. मी दहा दिवसांत सुटलो, त्या दोन महिने राहिल्या. करंगळी आणि तिच्याजवळचं बोट काढावं लागलं. अंगठा आणि बाकीची दोन बोटं राहिली, पण ती आत वळून आखडली. मी भेटायला गेलो तेव्हा त्या म्हणाल्या, "आता नमस्कार घालाचा म्हटलं तं एकाच हातानं. देव म्हनन, लय मिजास आली बाईले."

डॉक्टरांनी देवीदासला बाजूला घेऊन जे सांगितलं ते मी ऐकलं. नागपूरला मोठ्या दवाखान्यात शस्त्रक्रिया करून ती तीन बोटं मोकळी करता येतील. दोरा धरता येईल इतका हात नक्की चालेल. पण जितकं लवकर तितकं बरं. दोन वर्षं उलटली की सांधे धरतात, मग काही होत नाही. नागपूरला राहण्यासकट पाचशे रुपये लागणार होते. मळा दुसऱ्याचा, बाईंच्या अंगावरचं जे होतं ते अकोल्याच्या दवाखान्यातच गेलं होतं. म्हणजे नुकसानभरपाई मिळाली तर हात मिळणार होता, आणि वेळेत मिळाली तर.

बाई घरी आल्यावर मी एका रविवारी मळ्यात जाऊन त्यांना काय काय वाटा आहेत ते समजावलं. ड्रायव्हरवर फौजदारी झालीच होती. पुंजारामनं गुन्हा कबूल केला, दंड झाला, आणि कोर्टानं त्या दंडातले वीस रुपये बाईंना देवविले. ती वाट तिथेच संपली. मालकाकडून आपसात घ्यावं तर खुशालरावांची मोटार लोहाराच्या दारात मोडून पडली होती. तिसरी वाट विमा कंपनीची. आदल्या जुलैपासून उतारूंच्या मोटारींना विमा सक्तीचा झाला होता. कंपनीला पत्र लिहायचं आणि ती देईल ते घ्यायचं. तिनं नाही म्हटलं तर शेवटची वाट, मोटारमालकावर दिवाणी दावा. नाव मालकाचं, पण हुकूमनामा झाला की पैसे कंपनीनं भरायचे. या दाव्याला मुदत एक वर्षाची.

"म्हंजे पुढच्या संक्रांतीपर्यंत," बाई म्हणाल्या.

"संक्रांतीच्या दोन दिवस आधीपर्यंत."

"तुमी लय बारीक पाहता, मुन्शीजी."

मी दोघांच्या नावानं कंपनीला पत्रं लिहिली. माझं लवकर मिटलं. जूनमध्ये दीडशे रुपये आले आणि सोबत सहीसाठी एक इंग्रजी कागद. मी सही करून परत पाठवला. बाईंच्या पत्राला पावसाळाभर उत्तर नव्हतं.

त्या ऑगस्टात गावोगावी झेंडे लागले आणि फुलांना कधी नव्हती इतकी मागणी आली. मी अकोटला गेलो होतो. जयवंताबाई ओट्यावर बसून शालूला गाठ शिकवत होत्या. शालू दहा वर्षांची. दोरा तिच्या अंगठ्यातून सारखा सुटत होता. बाईंचा आखडलेला हात मांडीवर पडला होता आणि शालूनं गाठ मारली की त्यातलं मधलं बोट थोडंसं हलत होतं.

दसऱ्यानंतर कंपनीचं उत्तर आलं. अपघात बैलगाड्या अचानक आडव्या आल्यामुळे झाला, ड्रायव्हरचा दोष नाही, सबब काही देणं लागत नाही. भगवंतराव म्हणाले, दिवाळी झाली की दावा दाखल करू, माझी फी मागाहून पाहू. मी वकीलपत्राचा कागद तयार करून ठेवला.

आणि भाऊबीजेला खुशालराव लुगडं घेऊन जयवंताबाईंच्या घरी गेले.

आमच्याकडे अशी रीत आहे. आपल्या हातून एखाद्या बाईचं काही नुकसान झालं आणि ते भरून देता येत नसलं, तर माणूस लुगडं-चोळी घेऊन तिच्या दारी जातो. तिनं ते घेतलं म्हणजे तिनं त्याला माफ केलं असंच नाही, पण तिनं त्याला भाऊ मानलं. जयवंताबाईंना सख्खा भाऊ नव्हता. त्यांनी खुशालरावांना पाटावर बसवलं, डाव्या हातानं ओवाळलं आणि ते जांभळ्या काठाचं लुगडं त्याच दिवशी नेसल्या.

मी वकीलपत्र घेऊन गेलो तेव्हा त्यांनी विचारलं, "चपराशी नाव पुकारते ना कोर्टात? खुशालराव हाजीर हो, असं?"

"हो."

"अन् म्या त्याच्यासमोर उभं राहून सांगाचं, याच्या मोटारीनं माहा हात नेला?"

"हो. पण ते नावापुरतं. पैसे कंपनी देते."

"नाव तं त्याचंच ना? मंग नाई. भावावर दावा नाई लावत मी."

मी कागद घडी करून खिशात ठेवला आणि परत आलो.

यावर उपाय एकच होता आणि तो मला वाटेतच सुचला. खुशालरावांनी स्वतः येऊन सांगावं की माझ्यावर दावा लाव. पण तसं त्यांना सांगायला जायचं कसं? तुमच्या बहिणीला तुमच्यावर दावा लावायला सांगा, असं कोणत्या तोंडानं म्हणायचं? उद्या जाऊ म्हणत मी दोन महिने घालवले. नऊ जानेवारीला, मुदतीला तीन दिवस उरले तेव्हा, गेलो.

खुशालराव दुरुस्त झालेल्या मोटारीखाली आडवे होते. तसेच पडल्या पडल्या त्यांनी ऐकलं. मग बाहेर आले आणि चिंधीला हात पुसत म्हणाले, "म्या लुगडं नेलं, ते मनाले खात होतं म्हणून नेलं. दावा बंद कराले नाई नेलं."

"माहीत आहे मला."

"माहीत हाय, तं इतके दिवस सांगाले काहून नाई आले?"

मुदत सोमवारी संपते, एवढंच मी सांगितलं.

रविवारी आम्ही दोघं मळ्यात गेलो. बाईंनी लगबगीनं घोंगडी टाकली.

"बसा भाऊ. चहा ठेवते."

"चहा मंग. आधी माह्यावर दावा लाव."

"काय बोलून राहिले तुमी?"

"कंपनीले मी सालभराचे पैसे भरले ते कायच्यासाठी? माह्या खिशातून जाते का? लाव दावा."

देवीदास पहिल्यांदाच बोलला. "लोक हसतीन ना. बहीण-भाऊ कोर्टात."

"लोकाइचा हात नाई गेला, देवीदास."

बाई नेसल्या होत्या तेच लुगडं. त्याचा काठ डाव्या हातानं नीट करत त्या म्हणाल्या, "दावा लावाचा तं तुमचं लुगडं आधी परत केलं पाह्यजे. पन म्या नेसलं ना ते. नेसलेलं लुगडं परत कसं करू?"

मला कायदा थोडाफार माहीत होता. याचं उत्तर त्यात नव्हतं.

"परत नको करू," खुशालराव म्हणाले. "हेच नेसून ये कोर्टात. भाऊ हावो म्हणूनच सांगून राहिलो."

"नाव पुकारलं का माह्याजवळ उभे राहान?"

"राहीन."

बाईंनी वकीलपत्रावर उठवायला डाव्या हाताचा अंगठा पुढे केला. बारा तारखेला, कोर्टाची वेळ संपायला तासभर असताना, दावा दाखल झाला. तीन हजारांचा.

भगवंतराव म्हणत होते की पहिल्या दोन तारखांतच कंपनी तडजोडीला येईल, दसऱ्यापर्यंत बाई नागपूरला असतील. तसं झालं नाही. नागपूरहून कंपनीचे वकील येत, बोलायला तयार नसत, आणि पुढची तारीख मागून घेत. का, ते आम्हाला कळत नव्हतं. पावसाळा गेला, दिवाळी गेली. त्या भाऊबीजेलाही खुशालराव येऊन ओवाळून घेऊन गेले.

साक्षी झाल्या त्या एकोणपन्नासच्या फेब्रुवारीत. आदल्या दिवशी भगवंतरावांनी बाईंना पढवलं. "खुशालराव तुमचे कोण, असं विचारलं तर फक्त मालक म्हणायचं."

"माहे मालक तं हे काय बसले," देवीदासकडे बोट करून बाई म्हणाल्या.

"मोटारीचे मालक म्हणा, बाई. भाऊ म्हणू नका, एवढंच सांगतो."

चपराशानं नाव पुकारलं तेव्हा खुशालराव प्रतिवादीच्या बाजूला न जाता बाईंच्या शेजारी येऊन उभे राहिले. न्यायाधीशांनी चष्म्यावरून पाहिलं. मग बाईंची साक्ष झाली. कंपनीच्या वकिलांनी फार काही विचारलं नाही.

"मोटारीच्या मालकानं तुम्हाला काही दिलं आहे का?"

"देलं ना. हे लुगडं." बाईंनी पदराला हात लावला.

"मग ते तुमचे कोण लागतात?"

भगवंतराव समोरच्या कागदाकडे पाहत होते.

"भाऊ," बाई म्हणाल्या.

खुशालरावांनी खरं ते सांगितलं. चोहोट्याला त्या दिवशी बाजार होता, दुसरी सर्व्हिस आधी निघाली होती, उतारू तिनं उचलू नयेत म्हणून निघताना मीच पुंजारामला जोरात हाण म्हणालो, असं. हे कबूल केल्यावर त्यांचं परमिट राहणार नव्हतं, आणि पुढे राहिलंही नाही. पण कंपनीचे वकील म्हणाले, भाऊ बहिणीला पैसे मिळवून देतो आहे, पैसे कंपनीचे, याची साक्ष कशी धरायची?

मग मला बोलावलं. मी पुढच्या बाकावर होतो, सगळं पाहिलं होतं. मोटार वेगात होती आणि गाड्या सरळ चालल्या होत्या, असं मी सांगितलं. वकिलांनी फायलीतून एक कागद काढला आणि माझ्यापुढे धरला.

"ही सही तुमची?"

"हो."

"वरचा मजकूर वाचा."

टंकलेखन केलेल्या चार ओळी होत्या. बैलगाड्या अचानक आडव्या आल्यामुळे अपघात झाला, ड्रायव्हरचा काही दोष नव्हता, हे मी मान्य करतो, आणि दीडशे रुपये मिळाल्यानं माझी तक्रार उरलेली नाही. जूनमध्ये मी फक्त आकडा पाहून सही केली होती. दुसऱ्यांचे कागद मी दोनदा वाचत असे.

तारखा कशाच्या जोरावर पडत होत्या, ते तेव्हा कळलं.

त्यानंतर भगवंतरावांनी तडजोड केली. दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं. मार्चमध्ये सातशे रुपये ठरले. कोर्टाच्या व्हरांड्यात मी खांबापाशी उभा होतो. जयवंताबाई माझ्याजवळ आल्या.

"तुमी तरी काय करान, मुन्शीजी," त्या म्हणाल्या. "इंग्रजी होतं ते."

मी मान हलवली. मला इंग्रजी वाचता येत होतं. ते मी तेव्हा त्यांना सांगितलं नाही, पुढेही कधी सांगितलं नाही. शालूनं मागितलेली हकीगत लिहायची तर हे त्यात आलंच पाहिजे.

पैसे एप्रिलमध्ये हातात आले. देवीदास त्यांना नागपूरला घेऊन गेला आणि चौथ्या दिवशी दोघं परत आले. डॉक्टरांनी बोटं हलवून पाहिली, हाडांचा फोटो काढला, आणि गेल्या हिवाळ्यात आणलं असतं तर, असं म्हणाले. दोन वर्षांवर तीन महिने झाले होते. मी आकडेमोड करून पाहिली आहे. दोन महिने लुगड्यात गेले, आणि त्यांतही मी खुशालरावांकडे जायला लावलेला उशीर होताच. बाकीचा काळ माझ्या कागदानं खाल्ला.

त्या सातशेतून बाईंनी शेजारचा एकरभर मळा मक्त्यानं घेतला, हार करायला दोन बाया ठेवल्या आणि आपण बसून सांगू लागल्या. "हात नाई तं तोंड हाय," असं म्हणाल्याचं शालूनंच मला पुढे सांगितलं. खुशालरावांची मोटार विकली गेली. ते एका जिनात कामाला लागले, पण भाऊबीज त्यांनी चुकवली नाही.

पन्नास सालच्या जानेवारीत मला अमरावतीला जागा मिळाली. जाण्याआधी शेवटचं काम म्हणून अकोटला गेलो होतो. सकाळी मोटार स्टँडवर जयवंताबाई दिसल्या. शालूच्या डोक्यावर टोपली होती; तिला मोटारीत बसवून द्यायला त्या आल्या होत्या आणि टोपली टपावर जाऊ देऊ नको म्हणून सांगत होत्या. मी जवळ गेलो. ते इंग्रजीचं सांगून टाकावं, असं रात्रीच ठरवलं होतं.

"कुठं चालले, मुन्शीजी?"

"अमरावतीला. आता तिकडेच राहणार."

"चांगलं हाय. पाणी गोड हाय म्हनतात तिकडचं." त्यांनी उजवा हात पदरात गुंडाळून घेतला होता. थंडी होती. मोटारवाल्यानं हॉर्न वाजवला, लोक चढू लागले, आणि मी काही बोलायच्या आत त्यांनी मला वाट करून दिली.

"खिडकीपाशी नका बसू," त्या म्हणाल्या. "वारा लागते."

मी म्हटलं, "बरं."